गोम, माशी आणि पेंड खाणारं घोडं

घर बघून आल्यावर आपण म्हणतो, 'जागा छान आहे, उजेड आहे, पाणी आहे, पण एक गोम आहे.' ऐकणारा लगेच कान टवकारतो. गोम म्हणजे नुसता दोष नव्हे. भिंतीला तडा गेला असेल तर त्याला कोणी गोम म्हणत नाही, कारण तो दिसतो. कागदपत्रांत तिसऱ्याच कोणाचं नाव निघालं तर ती गोम. वरून सगळं ठीक, आत काहीतरी वळवळतंय, असा त्या शब्दाचा रोख आहे.

गोम हा अनेक पायांचा, ओलसर जागी राहणारा प्राणी. पण त्या प्राण्यापासून 'छुपी खोट' या अर्थापर्यंत शब्द थेट चालत आलेला नाही, मध्ये घोडं आहे. घोड्याच्या किंवा बैलाच्या अंगावर केस उलटे फिरून एक लांबट रेघ उठते, तिलाही गोम म्हणतात. गोल फिरले तर तो भोवरा. भोवरे नि गोमा कुठे आहेत त्यावर जनावर शुभ की अशुभ हे ठरायचं. मानेवरचा देवमण असला तर धन्याची भरभराट, गोम भलत्या जागी असली तर घात. घोडं विकणारा अर्थातच गोम दाखवत नसे. गिऱ्हाईक अंगावरून हात फिरवी, केसांच्या उलट दिशेनं बोटं चालवी, आणि मग सौदा मोडे किंवा किंमत उतरे. 'यात एक गोम आहे' हे वाक्य या बाजारातलं असावं, असं मला वाटतं. किड्याच्या आकारावरून खुणेला नाव मिळालं आणि खुणेवरून खोटीला.

हे सगळं आठवायला ग्वाल्हेर हे योग्य गाव आहे. इथल्या मराठी वस्तीचा मुख्य भाग ज्या नावानं ओळखला जातो ते नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तळ हलायचा होता तो हललाच नाही, तंबूंच्या जागी वाडे उठले आणि छावणीचं नाव शहराला चिकटलं. लष्कराला लागून कंपू नावाचा भाग आहे. महादजींनी १७८४ मध्ये द बॉयन या सरदाराला चाकरीत घेतलं, त्यानं युरोपी पद्धतीनं कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या तुकड्यांना कंपू म्हणत. इंग्रजी 'कॅम्प' किंवा त्याहून जुना पोर्तुगीज 'कांपो' हे त्याचं मूळ. ग्वाल्हेरीत तो शब्द मोहल्ल्याचं नाव होऊन राहिला. पुण्यामुंबईच्या मराठीत त्याची घसरण झाली, 'त्यांचा कंपू आहे' म्हणजे एकमेकांची पाठ खाजवणारं टोळकं. पलटणीतून टोळक्यात, एवढी बढती फार थोड्या शब्दांना मिळाली असेल.

कवायत हा शब्दही याच तळावरचा. अरबी 'कायदा' याचं अनेकवचन 'कवाइद', म्हणजे नियम. त्यातून कोर्टातला कायदा आला, तबल्यावरचा कायदा आला आणि मैदानातली कवायत आली. ठरलेल्या क्रमानं, हुकूम सुटेल तसं, एकामागून एक करायच्या गोष्टी म्हणजे कवायत. संगणकाला दिलेला प्रोग्रॅम तेच असतो. पहिली ओळ, दुसरी ओळ, ही अट पुरी झाली तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. फरक इतकाच की पलटणीतला शिपाई चुकीच्या हुकमावर निदान चेहरा तरी वाकडा करतो. संगणक करत नाही. तो चुकीचा हुकूमही तितक्याच शिस्तीत पाळतो आणि शेवटी चुकीचं उत्तर सुबक अक्षरांत दाखवतो.

अशा वेळी काय करायचं, तर कवायत सावकाश करून घ्यायची. एकेक हुकूम सोडायचा, थांबायचं, शिपाई नेमका कुठे उभा आहे ते बघायचं, मग पुढचा. प्रोग्रॅमचं हे काम करणाऱ्या अवजाराचं नाव डीबगर. मराठी मुलं 'डीबग करतोय', 'बग मारला', 'बग सापडत नाहीये' असं म्हणतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण या कामाचे जे आतले भाव आहेत, थांबणं, माग काढणं, नेमकी जागा धरणं, त्यांचे शब्द मराठीकडे आधीपासून आहेत आणि ते चांगले वापरात आहेत. आपण ते संगणकापाशी नेत नाही, एवढंच.

इंग्रजीतला 'बग' आधी पाहू, कारण त्याच्याविषयी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे आणि ती अर्धवट सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो चिमट्यानं काढून नोंदवहीत चिकटवला आणि खाली शेरा मारला, की प्रत्यक्ष बग सापडल्याचं हे पहिलंच उदाहरण. पतंगासकट ते पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, त्यामुळे 'बग' हा शब्द तिथेच जन्मला असं पुष्कळांना वाटतं. पण शेऱ्यातला विनोद नीट वाचला की कळतं, शब्द आधीचा आहे. यंत्रातल्या खोडीला बग म्हणण्याची रीत होतीच, म्हणून तर खरा किडा सापडल्याची मौज. एडिसननं १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना हाच शब्द वापरला आहे.

त्याहून मागे गेलं तर किडाही नाहीसा होतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत बग म्हणजे भूत, बुजगावणं, रात्री भिवविणारं काहीतरी. १५३५ सालच्या कव्हरडेलच्या बायबलात एका स्तोत्रामध्ये रात्रीच्या भयाच्या जागी 'बग' आहेत, आणि त्यापायी ते 'बग बायबल' म्हणून ओळखलं जातं. इथे मराठी माणसाला बागुलबुवा आठवल्याशिवाय राहत नाही. बग आणि बागुल, दोघंही अंधारातले, दोघंही लहान मुलांना झोपवायच्या कामाचे. पण ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. शब्दचर्चेत असे बागुलबुवे पावलोपावली भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

मात्र दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली, हे खरं. इंग्रजीला छुप्या दोषात किडा दिसला, मराठीला गोम दिसली. आणि मराठी तेवढ्यावर थांबलेली नाही. 'सगळं ठरलं होतं, मध्येच कुठे माशी शिंकली कोण जाणे.' कामाच्या आरंभी कोणी शिंकलं तर अपशकुन. माणूस शिंकला तर कळेल तरी, माशी शिंकली तर कसं कळणार? काम बिघडलं एवढंच दिसतं, कारण ऐकूच येत नाही. रिलेत अडकलेल्या पतंगाचं याहून चांगलं मराठीकरण मला सुचत नाही. फक्त छटा वेगळी. गोम ही मुळातच असते, जनावर जन्माला आल्यापासून. माशी ऐन वेळी शिंकते. प्रोग्रॅम लिहितानाच राहिलेली चूक ही गोम, आणि काल चालत होता तो आज नेटवर्क तुटल्यामुळे पडला ही माशी. कचेऱ्यांतून दोन्हींना सरसकट बग म्हणतात आणि मग कोणाच्या माथी मारायचा यावर तासभर बैठक होते.

बग म्हटल्यावर औषध आलंच. एमआयटीच्या टीएक्स-झीरो या संगणकासाठी केलेल्या सुरुवातीच्या डीबगरचं नाव होतं फ्लिट. अक्षरांची जुळवणी करून नाव पाडलं होतं, पण नजर त्याच नावाच्या फवाऱ्याच्या कीटकनाशकावर होती. त्यापाठोपाठ १९६१ च्या सुमारास पीडीपी-वन या यंत्राचा डीबगर आला, त्याचं नाव डीडीटी. आपल्याकडे १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंती डीडीटीनं पांढऱ्या झाल्या. त्या पिढीला हा विनोद समजावून सांगावा लागला नसता.

आता लष्करातल्याच एका वाड्यातला प्रसंग. माझ्या बहिणीचं सासर इथलं. तिचे सासरे महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले. हे कार्यालय ग्वाल्हेरला असल्यामुळे इथल्या कितीतरी मराठी घरांत एक तरी माणूस 'एजी ऑफिसवाला' निघतो. घरात मराठी, दारात हिंदी, आणि हिशेबाला बसले की इंग्रजी, असा त्यांचा तिपेडी संसार. भाचा संगणकाचं शिकतो. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या त्यानं संगणकावर चढवल्या होत्या आणि बेरीज करायला एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. बेरीज आजोबांच्या वहीतल्या आकड्यापेक्षा ५०१ रुपयांनी कमी येत होती.

"एक पावती सुटली," आजोबा वही मिटत म्हणाले. "तूट नेमकी ५०१ ची आहे. ५०१ च्या पावत्या काढ."

"आजोबा, निम्मं गाव ५०१ देतं. कुठली म्हणून काढू?"

"मग सगळ्या रुजवात घाल."

भाच्यानं रुजवात घातली नाही. बेरजेच्या ओळीपाशी कडेला त्यानं टिचकी मारली, तिथे लाल ठिपका उमटला. प्रोग्रॅम सुरू केला. तो त्या ठिपक्यापर्यंत आला आणि उभा राहिला, ओळ पिवळी झाली. उजवीकडच्या चौकोनात दोन गोष्टी दिसत होत्या, एकूण शून्य आणि क्रमांक एक. भाच्यानं एफ-१० दाबलं. पिवळी पट्टी एक ओळ खाली सरकली, एकूण झालं २५१. मी म्हटलं, पुढे? तो हसला. "पुढे कशाला, मामा? घोडं इथेच पेंड खातंय. पहिली पावती ५०१ ची आहे, ती पणजीच्या नावावर. हा दुसरीपासून चाललाय."

संगणकाच्या बहुतेक भाषांत यादीतल्या पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य असतो. भाच्यानं मोजणी एकपासून सुरू केली, त्यामुळे शून्यावरची पावती कोणी उघडलीच नाही. प्रोग्रॅमनं तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तक्रारीसारखं काही घडलंच नव्हतं. मुख्य म्हणजे, उत्तर कितीनं चुकलं हे आजोबांनी क्षणात सांगितलं. ते कुठे चुकलं हे मात्र चाल अडवून बघितल्याशिवाय कळलं नाही.

भाच्याच्या तोंडून सहज निघालेली ती म्हण मला फार आवडली. 'घोडं कुठं पेंड खातंय' हा प्रश्न काम का अडलं याचा नाही, कुठं अडलं याचा आहे. मराठीतले अडचणीविषयीचे कितीतरी शब्दप्रयोग जागा विचारणारे आहेत. कुठं पाणी मुरतंय. कुठं माशी शिंकली. ग्यानबाची मेख कुठं आहे. कारण नंतर बघू, आधी ठिकाण दाखवा. डीबगर वापरणाराही हाच क्रम पाळतो, आणि जो पाळत नाही, आधीच कारण ठरवून टाकतो, तो रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसलेला दिसतो.

आजोबांच्या शब्दांकडे जरा वळू. रुजवात म्हणजे दोन नोंदी समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणं. अरबी 'रुजू', म्हणजे परत येणं, समोर होणं, यातून तो आलाय. नोकरीवर रुजू होणारा माणूस आणि वहीत रुजू झालेली रक्कम एकाच घरची. दुसरा शब्द ताळा. गुणाकार केल्यावर तो बरोबर आहे का हे वेगळ्या वाटेनं तपासायचं, तो ताळा. त्यातूनच पडताळा, पडताळणे, ताळेबंद. संगणकाच्या क्षेत्रात 'टेस्टिंग' नावाचं जे काम असतं ते हे, निघालेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळतं का बघणं. ताळा जुळला नाही की मग डीबगर. टेस्टिंग आणि डीबगिंग यांतला फरक समजावताना शिक्षकांची दमछाक होते. ताळा पाहणं आणि गोम शोधणं असे दोन शब्द दिले तर कदाचित होणार नाही.

आणि शून्य. ज्या शून्यानं पणजीची पावती गिळली, त्याचं एक फार जुनं कोरीव रूप याच गावात आहे. किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुजाचं लहानसं, एकाच खडकातून कोरलेलं देऊळ लागतं. तिथल्या शिलालेखात संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधलं दान नोंदलेलं आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोज ५० माळा. २७० मध्ये आणि ५० मध्ये शून्य आहे, आकारानं जरासं लहान, पण आजच्यासारखंच वाटोळं. जगातलं सगळ्यात जुनं शून्य ते हे, असं लोक सांगतात. तसं नाही, कंबोडियातला ६८३ चा लेख त्याहून आधीचा आहे. पण इथल्या शून्याचं मोल वेगळं आहे. ते कुठल्या ज्योतिष्याच्या पोथीतलं नाही, माळ्याशी झालेल्या व्यवहारातलं आहे. ५० माळांऐवजी ५ आल्या तर देवाला कमी पडलं असतं. शून्याला आपली जागा अडवून बसावंच लागत होतं.

मराठीत शून्याला आणखी एक नाव आहे, पूज्य. शून्य हा शब्द उच्चारणं अभद्र, म्हणून हिशेबात पूज्य म्हणायचं. कुंकू पुसलं न म्हणता वाढवलं म्हणतात, दिवा विझवला न म्हणता मालवला म्हणतात, त्याच रीतीचं हे झाकपाक करणं. पुढे त्याचाही उपहास झाला आणि 'गणिताच्या नावानं पूज्य' असं पोरांच्या प्रगतिपुस्तकावर म्हटलं जाऊ लागलं. पूज्य पणजीची पावती पूज्य क्रमांकावर होती आणि तीच सुटली, यावर आजोबांनी जो विनोद केला तो त्यांच्या सुनेनं ऐकला नाही हे बरं झालं.

भाच्यानं कडेला जो लाल ठिपका लावला त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. इथे 'ब्रेक' म्हणजे गाडीचा ब्रेक असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. १९४६ च्या एनिॲक या संगणकात प्रोग्रॅम लिहीत नसत, जोडत. एका विभागातून दुसऱ्या विभागात तारा खोवून कामाचा क्रम ठरवत. काम ठरावीक ठिकाणी थांबवायचं तर तिथली तार उपटायची. तार तुटली की पुढचा विभाग जागा होत नाही. त्या तुटीच्या जागेला ब्रेकपॉइंट नाव पडलं. ही युक्ती बेटी होल्बर्टन या प्रोग्रॅम करणाऱ्या बाईंची. एनिॲकमध्ये एका वेळी एकच बेरीज, किंवा त्याहून बारीक म्हणजे एकच स्पंद, असं थांबत थांबत चालवण्याचीही सोय होती. म्हणजे पावलापावलानं चालवून बघणं ही काही पुढे सुचलेली चैन नव्हे, ती अगदी सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपासूनची गरज आहे.

तुटीची ही आठवण मराठीत कशी आणायची? 'खंडबिंदू' वगैरे शब्द बनवता येतील, पण ते कोणी बोलणार नाही. 'थांबा' चालेल. एसटीचा असतो तसा. लाल रंगही जुळतो. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही 'ब्रेकपॉइंट लाव' म्हणतो. लाव हे क्रियापद मराठी आहे, मला तेवढं पुरतं. आपण कडी लावतो, पहारा लावतो, नजर लावतो. गंमत अशी की उजवीकडच्या ज्या चौकोनात 'एकूण' आणि 'क्रमांक' दिसत होते त्याला इंग्रजीत 'वॉच' म्हणतात, म्हणजे पहाराच. मूल्य बदललं की पहारेकरी सांगतो.

थांब्यापासून थांब्यापर्यंत धावणं आणि एकेक पाऊल टाकणं या दोन वेगळ्या चाली आहेत. पहिल्या चालीला मराठीत टप्पा म्हणावं. चेंडूचा टप्पा पडतो, बंदुकीच्या टप्प्यात सावज येतं, एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं वाढतं, गल्लीतल्या क्रिकेटात एक टप्पा आउट असतो. या सगळ्यांत समान काय, तर मधलं अंतर न तुडवता ओलांडणं. टपाल हाही याच कुळातला असावा, मुक्कामागून मुक्काम गाठत जाणारा. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशानं मात्र त्याचं मूळ अंधुक असल्याचं म्हटलं आहे, तेव्हा जपून. आणि ग्वाल्हेरात टप्पा म्हटलं की कोणाला एसटी आठवत नाही, गाणं आठवतं. पंजाबच्या उंटवाल्यांच्या गीतांवरून अठराव्या शतकात लखनौच्या शोरी मियाँनी हा प्रकार घडवला असं मानतात. तो राखला तो ग्वाल्हेर घराण्यानं. कृष्णराव शंकर पंडित टप्पा गायचे तेव्हा सूर क्षणभरही एका जागी बसत नसे, उड्या, खटके, मुरक्या, आणि तरी समेवर अचूक उतरायचे.

याच घराण्याचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. शिकण्याची रीत कशी होती हे अशा घरांतून आजही ऐकायला मिळतं. शिष्य तान घेतो, कुठेतरी सूर निसटतो, गुरू हाताच्या खुणेनं थांबवतात आणि तीच जागा ठाय लयीत, म्हणजे अगदी संथ, पुन्हा म्हणायला लावतात. द्रुत लयीत चूक झाली एवढंच कळतं. ठाय लयीत कोणता स्वर गळला ते कळतं. गवयांच्या बोलण्यात 'जागा' हा शब्द फार येतो, 'ही जागा सुटली', 'ती जागा घोटून घे'. म्हणजे इथेही प्रश्न कुठं हाच.

प्रोग्रॅममध्ये पुनःपुन्हा फिरणारा भाग असतो, लूप. त्याला आवर्तन म्हणायला हरकत नाही, तालाचं असतं तसं. संस्कृतात घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्याला 'आवर्त' म्हणतात. वळणं, फिरणं या अर्थाच्या एकाच धातूपासून दोन्ही आले. आवर्तन समेवर आलंच नाही, फिरतच राहिलं, तर संगणक लटकतो. त्याला भोवऱ्यात सापडणं म्हणावं. गोमेपासून निघालो होतो, भोवऱ्याशी आलो, दोन्ही एकाच घोड्याच्या अंगावर.

अधिकृत परिभाषेकडे जाऊ नये असं वाटतं, पण टाळता येत नाही. डीबगिंगला हिंदीत 'दोषमार्जन' असा शब्द केलेला आहे. मार्जन म्हणजे पुसणं, घासणं. मांजर सतत अंग चाटून स्वच्छ ठेवतं म्हणून ते मार्जार, धातू तोच. शब्द व्याकरणशुद्ध आहे, पण त्यात शोध नाही. दोष समोर दिसतोय आणि फडकं मारायचंय, असा त्याचा आव. प्रत्यक्षात पुसायला दोन मिनिटं लागतात आणि सापडायला दोन दिवस. मराठीत 'मुद्रितशोधन' हा उत्तम शब्द आहे, त्यातल्या 'शोधन'मध्ये धुंडणं आणि शुद्ध करणं दोन्ही येतं, कारण शोध आणि शुद्ध हे शब्द सख्खे भाऊ आहेत. करायचाच तर त्या वळणाचा शब्द करावा.

त्याहूनही मला 'माग' आवडतो. संस्कृत 'मार्ग' हा 'मृग' या शब्दावरून आला असं मानतात. मार्ग म्हणजे आधी जनावर गेल्याची पाऊलवाट, त्याचा पाठलाग, आणि मग कुठलीही वाट. मार्गण म्हणजे शोधणं, मृगया म्हणजे शिकार. पुढे मार्गावर डांबर पडलं आणि जनावर विसरलं गेलं. मराठी 'माग'नं ते विसरलं नाही. चोराचा माग, वाघाचा माग, माग काढणे, मागोवा घेणे. प्रोग्रॅम कोसळला की तो कोणत्या वाटेनं इथवर आला याची यादी डीबगर दाखवतो. त्या यादीला 'मागोवा' म्हटलं तर एकाही विद्यार्थ्याला अर्थ विचारावा लागणार नाही.

ती यादी उभी असते. एका कामानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, शेवटचं सगळ्यात वर. वरचं संपल्याशिवाय खालच्याला हात लागत नाही. इंग्रजीत याला स्टॅक म्हणतात, आणि मराठी पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या एका मित्रानं त्यासाठी 'चळत' हा शब्द सुचवला. चळत वाईट नाही. पण चळत नाण्यांची, सारख्या मापाची. स्टॅकमधलं प्रत्येक काम आपापल्या पसाऱ्याप्रमाणे कमीजास्त जागा घेतं. त्याला शब्द आहे उतरंड, जुन्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातली, खाली रांजण आणि वर वर लहान होत गेलेली मडकी. तळच्या मडक्यातली डाळ हवी असेल तर वरची सगळी एकेक उतरवावी लागतात. मित्राचं म्हणणं, आजच्या मुलांनी उतरंड पाहिलीच नाही. खरं आहे, पण त्यांनी नाण्यांची चळत तरी कुठे पाहिली आहे? पैसे आता फोनवरून जातात.